डेल श्रोडरची प्रॉक्सी

माझी नोकरी माझ्याच नवऱ्याने खाल्ली, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी गिरीशबद्दल काही वाकडं बोलले, तर वाचणाऱ्याला कारण शोधत बसायला नको.

आम्ही दोघं मूळचे सांगलीचे. अमेरिकेत आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स नावाचं शहर आहे. तिथल्या 'मिडलँड' या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेत गिरीश संख्याशास्त्रज्ञ होता आणि मी फोनवरची मुलाखतकार. अमेरिकेला काय वाटतं हे शोधायचं काम दोघांचंही होतं. फक्त मी ते अमेरिकेला विचारत असे, आणि तो मी आणलेल्या उत्तरांवर वरच्या मजल्यावर बसून गणितं करत असे.

या देशातल्या माणसांच्या प्रेमात मी पडले ती फोनवर. विचार करा, संध्याकाळची जेवायची वेळ, एक अनोळखी बाई फोन करते, तिच्या बोलण्याला परका हेल, आणि ती विचारते, "देश योग्य दिशेने चालला आहे असं तुम्हाला वाटतं का?" हाच प्रश्न मी सांगलीत फोन करून विचारला असता, तर पलीकडून आधी "कोण बोलतंय? कुणाच्या तुम्ही?" असं आलं असतं, आणि मग "आमच्या ह्यांना विचारा, ते बाहेर गेलेत." इथे माणूस तोंडातला घास गिळतो आणि मत देतो. ट्रक बाजूला घेऊन मत देतो. अलाबामातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "आज माझ्या नवऱ्याला पुरायचंय. गुरुवारी कर फोन, पण नक्की कर. मला मोजायचं राहू देऊ नकोस." गुरुवारी मी फोन केला आणि त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

मतं द्यायचा उत्साह तर असा, की अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या कायद्याबद्दल विचारलं तरी बरेच जण ठाम बाजू घेतात. हसू येतं मला. पण आपल्याला काय वाटतं याला जगात किंमत आहे, असं मनापासून मानणारा माणूसच असा बोलतो, आणि त्याचं मला फार कौतुक आहे.

त्यांच्या विसंगतीबद्दल तर विचारूच नका. संसदेचं नाव काढलं की नाकं मुरडतात आणि स्वतःच्या खासदाराला पुन्हा निवडून देतात. देशातल्या शाळांचं वाटोळं झालंय म्हणतात, आमच्या मुलांची शाळा मात्र चांगली आहे. लांबच्याबद्दल विचारा, माणूस रागावतो. जवळच्याबद्दल विचारा, मऊ होतो. आणि हे सगळं ते मोजतात, छापतात, वाचतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करणं पसंत आहे का, असं इथे १९५८ साली विचारलं तेव्हा शंभरातले चौघे हो म्हणाले होते. २०२१ साली चौऱ्याण्णव. मधल्या सगळ्या वर्षांत तो प्रश्न कुणी गाळला नाही आणि उत्तर कुणी लपवलं नाही. आपली लाज अशी चव्हाट्यावर मांडून तिच्यातून वर आलेला दुसरा समाज असेलही, मला ठाऊक नाही.

पण हळूहळू लोकांनी फोन उचलणं बंद केलं, आणि तिथे माझं दुर्दैव सुरू झालं.

चाचणीचं तत्त्व आमटीचं आहे. पातेलं नीट ढवळलेलं असलं, तर चमचाभर चाखून सगळ्या आमटीचं मीठ कळतं. देश ढवळायचा म्हणजे कुणाला फोन लावायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, आपल्या सोयीने नाही. पण चिठ्ठीत आलेला माणूस फोनच घेत नसेल, तर चमच्यात नुसतं वरचं पाणी येतं. विसाव्या शतकाच्या शेवटी शंभर जणांना गाठू पाहिलं तर छत्तीस बोलत. पुढच्या वीस वर्षांत ते सहावर आले. आणि २०३५ च्या सुमाराला आम्हाला शंभरात एक मिळणंही मुश्कील झालं.

तेव्हा गिरीशच्या गटाने ते यंत्र बांधलं. संस्थेकडच्या सगळ्या जुन्या मुलाखती त्यांनी त्याला खाऊ घातल्या, त्यात माझ्याही होत्या. मग काही हजार लोकांना राजी करून त्यांच्याशी तासन् तास गप्पा मारल्या. लहानपण, काम, चर्च, घरातली भांडणं, काही सोडलं नाही. त्यावरून यंत्र प्रत्येकाचं एक प्रतिरूप तयार करी, आणि त्याला कुठलाही नवा प्रश्न विचारला की ते त्या माणसाच्या वतीने उत्तर देई. ज्याच्याशी गप्पा झाल्याच नाहीत, त्याचं प्रतिरूप त्याच्यासारख्या शेकडो जणांच्या उत्तरांतून जुळवलं जाई. वय, गाव, धंदा, शिक्षण, प्रार्थनेला कुठे जातो, गाडी कुठली चालवतो, एवढं पुरे होई. या प्रतिरूपांना नाव दिलं प्रॉक्सी.

ते ऐकून मी इतकी हसले की गिरीश रागावला. आमच्या कॉलेजात मागच्या बाकावरची मुलं मित्राच्या नावावर 'येस सर' म्हणायची, त्याला आम्ही प्रॉक्सी लावणं म्हणायचो. माणूस कॅन्टीनमध्ये, हजेरी वर्गात. गिरीशने अख्ख्या अमेरिकेची प्रॉक्सी लावली होती.

हसायची सोय फार दिवस राहिली नाही, कारण यंत्र बरोबर निघालं. खऱ्या माणसांशी ताडून पाहिलं, तर फरक एखाद-दोन टक्क्यांचा. काही बाबतीत ते माणसांहून सरस होतं. अनोळखी बाईशी बोलताना माणसं सभ्यपणा पांघरतात, मनातलं दडवतात. निनावी उत्तरांवर शिकलेली प्रॉक्सी काही दडवत नाही. शिवाय खऱ्या माणसाला तोच प्रश्न दोन आठवड्यांनी पुन्हा विचारला, तर पाचातला एखादा वेगळंच उत्तर देतो. प्रॉक्सी आपलं उत्तर बदलत नाही. माणसांच्या या बदलण्याला गिरीश 'गोंधळ' म्हणतो, आणि तो गोंधळ काढून टाकल्याबद्दल संस्थेने त्याचा सत्कार केला. त्याच महिन्यात फोनचा विभाग बंद झाला आणि मी घरी बसले.

एक नियम मात्र कडक होता. शंभर जणांहून लहान गटाची प्रॉक्सी बघायची नाही, एकट्या माणसाची तर मुळीच नाही. हा नियम गिरीशनेच लिहिला होता.

मग ऋताने लग्न ठरवलं.

ऋता आमची एकुलती एक मुलगी, डॉक्टर. दोन तासांवर विलो फोर्क म्हणून एक खेडं आहे. मक्याची शेतं, धान्याची उंच कोठारं, एक शाळा, एक छोटा दवाखाना. त्या दवाखान्यात ती वर्षभर काम करत होती आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कॅलेब श्रोडरशी तिचं जमलं. तो आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता. "पोरगा बरा आहे," असं गिरीश म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने त्याने ओवाळलंच. लग्नानंतर दोघं विलो फोर्कमध्येच राहणार होते. कॅलेबच्या आईवडिलांना मात्र आम्ही पाहिलं नव्हतं. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं.

शनिवारी दुपारी मी चहा टाकत होते तेव्हा गिरीश त्याच्या खोलीतून बाहेर आला आणि खुर्ची ओढून बसला.

"उद्या आपण जायचं नाही," तो म्हणाला.

"का? बरं नाही वाटत?"

"डेल श्रोडरला हे लग्न पसंत नाही."

"कॅलेबच्या वडिलांना? त्यांचा फोन आला होता?"

तो कपाकडे बघत राहिला. आणि मला कळलं.

"गिरीश, तू व्याह्यांची प्रॉक्सी काढलीस?"

"एकच प्रश्न विचारला. नेहमीचाच. जवळच्या नात्यातल्या कुणी परदेशातून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या कुटुंबात लग्न केलं, तर तुम्हाला पसंत पडेल की नापसंत?"

"आणि?"

"नापसंत. अठ्ठ्याहत्तर टक्के खात्रीने. मग म्हटलं गावाचंही बघावं. तिथेही नापसंतच जास्त. गाव शंभरावर आहे, ते नियमात बसतं."

"फार नियमाने वागलास हो! आपल्या लग्नात तुझ्या आईने माझी पत्रिका मागितली, तेव्हा तू घर डोक्यावर घेतलं होतंस. न पाहिलेल्या माणसाबद्दल कागद बघून काय कळतं, म्हणाला होतास."

"ती पत्रिका होती. हे खरं आहे."

"म्हणूनच जास्त वाईट."

तो चिडेल असं मला वाटलं होतं, पण चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हेमांगी, तिला तिथे रोज राहायचंय. दुकानात, रस्त्यावर, सासरच्या घरात. ती माणसं तिच्याशी गोड बोलतील आणि आत काय असेल ते मला आता माहीत आहे. माहीत असून मी तिला तिथे कसा सोडू?"

खरं सांगायचं तर भीती मलाही वाटली. हे आकडे किती बरोबर येतात हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी ऋताचा फोन आला, उद्या जेवायला काय काय आहे ते सांगायला. गिरीशने तिला सगळं सांगून टाकलं.

"बाबा, तू डेलला विचारलंस का?" ती म्हणाली.

"तेच सांगतोय, प्रॉक्सी..."

"प्रॉक्सीला नाही. डेलला."

"तोंडावर विचारलं तर माणसं खरं सांगत नाहीत, ऋता. हे माझं शास्त्र आहे."

"तुझं शास्त्र तुझ्याकडे ठेव. उद्या बाराला जेवण आहे. तुम्ही आलात तर लग्नाची तारीख सगळ्यांसमोर ठरवू. नाही आलात तर आम्ही कोर्टात सह्या करू आणि तुम्हाला फोटो पाठवू. पण मग बाबा, यापुढे कशातच मी तुझं मत विचारणार नाही."

फोन बंद झाला. गिरीश उठून अंगणात गेला आणि तिथे नुसताच उभा राहिला. माझी मुलगी रिकाम्या धमक्या देत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आम्ही गेलो. गाडी तो चालवत होता. मी मका बघत बसले.

डेल श्रोडर दारातच उभे होते. चांगले उंच, रुंद, डोक्यावर गावच्या अग्निशमन दलाची टोपी, एका पायात बूट आणि एका पायात मऊ सपात. धान्याच्या कोठारावर उभं आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. गिरीशचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि "या, गॅरिश!" म्हणाले. त्यांची बायको शेरिल हिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. गिरीशने माझ्याकडे पाहिलं. सभ्यपणा, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं.

जेवणात त्यांच्यासाठी मांसाचे गोड गोळे होते. आम्ही मांस खात नाही हे शेरिलला माहीत होतं, म्हणून तिने आमच्यासाठी चीज घातलेले बटाटे आणि शेंगांची भाजी वेगळी केली होती. भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. ऋताच्या वेळीच लक्षात आलं. "ते फक्त चवीला घातलंय," शेरिल म्हणाली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून लाल झाली. मला ती एकदम आवडली.

बटाट्यांचं भांडं फिरत फिरत गिरीशकडे आलं. तो सवयीने "नको, नको" म्हणाला आणि आग्रहाची वाट बघत थांबला. भांडं पुढे गेलं. तिथून कॅलेबकडे गेलं, डेलकडे गेलं, आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसलं. गिरीश रिकामी ताटली घेऊन त्या भांड्याकडे बघत राहिला. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी मोजतच नाही. तिसऱ्या 'नको'नंतर खरं काय ते कळतं. इथे माणूस म्हणाला नको, म्हणजे नको, त्याच्या शब्दाचा मान ठेवायचा. बावीस वर्षं झाली तरी हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. आणि याच माणसाने डेलचं पहिलं उत्तर, तेही डेलने तोंडातून न काढलेलं, काळ्या दगडावरची रेघ धरलं होतं.

"ऋता सांगत होती, लोकांना काय वाटतं ते तुम्हाला आधीच कळतं," डेल गिरीशला म्हणाले. ते सहज, पाहुण्याला बोलतं करायला म्हणाले होते. "मग आमच्यासारख्यांना काय वाटतं हो?"

ऋताचा हात टेबलावरच थांबला. गिरीशला खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण त्याला ती कला नाही.

"तुमच्यासारख्यांचं नाही," तो म्हणाला. "मी तुमचंच पाहिलं. एकट्याचं. तसं बघायची परवानगी नसते."

आणि त्याने सांगितलं. यंत्र काय आहे, प्रश्न कुठला विचारला, सगळं. कॅलेबने काटा खाली ठेवला. शेरिल डेलकडे बघायला लागली.

डेल यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग, काय म्हणालो मी?"

"नापसंत."

"बरोबर आहे," डेल म्हणाले.

"डेल!" शेरिल म्हणाली.

"बरोबर आहे, शेरिल. कुणी फोन करून विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. कॅलेबने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यालाही हेच म्हणालो होतो. त्यांचं यंत्र चांगलं आहे."

गिरीशने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. ऋता ताटल्या उचलायला लागली. ताटल्या अजून भरलेल्या होत्या. लग्नाची तारीख, कोर्टातल्या सह्या, पुन्हा कधी विचारलं जाणार नव्हतं ते मत, सगळं त्या ताटल्यांबरोबर उचललं जाताना मला दिसत होतं.

आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणाले, "आणखी काही?"

हे मी ठरवून केलं नाही. फोनवरच्या मुलाखतकाराच्या जिभेला लागलेलं वळण आहे ते. समोरच्याने उत्तर दिलं की ते लिहायचं, त्यावर बरं-वाईट काही म्हणायचं नाही, थोडं थांबायचं, आणि सपाट आवाजात विचारायचं, आणखी काही? मग पुन्हा थांबायचं. ते थांबणं फार कठीण असतं. नव्या मुलींना तेवढं एकच जमत नसे. पण त्या शांततेत माणूस स्वतःचं उत्तर पुन्हा ऐकतो, आणि मग पुष्कळदा खरं बोलायला लागतो. यंत्राला हे शिकवायचं राहून गेलं होतं. प्रॉक्सी उत्तर देते आणि थांबते, तिला कुणी पुन्हा विचारत नाही.

डेल माझ्याकडे बघत राहिले. मी वाट पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "पुष्कळ आहे."

त्यांनी तो सपातेतला पाय टेबलाखालून बाहेर काढला.

"मला नको होतं, कारण मला वाटलं, जेवायच्या आधी माझा मुलगा प्रार्थना कुणाबरोबर म्हणणार? नातवंडं मला काय हाक मारणार? अजूनही मधूनमधून तसं वाटतं. चर्चमध्ये कुणी विषय काढला की मी हवामानावर बोलतो. याचा मला अभिमान नाही, पण आहे ते आहे. मग जानेवारीत हा पाय चिघळला. साखरेचा आजार आहे मला. मी शेरिललाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच कामाला दवाखान्यात गेलो, तर तुमची मुलगी म्हणाली, मोजा काढा. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, ठीक आहे, मी बसते. आणि खुर्ची ओढून समोर बसली. बाहेर माणसं खोळंबली होती, ही हलायला तयार नाही. शेवटी मी मोजा काढला. त्या वासाने माझीच मान वळली. तिची वळली नाही."

ऋता ताटल्या हातात घेऊन तशीच उभी होती.

"पाय शाबूत आहे," डेल म्हणाले. "आता मला विचाराल तर मी काय सांगू? नापसंत म्हणालो तर ते पूर्ण खोटं नाही. पसंत म्हणालो तरी खोटं नाही. लग्नात मात्र मी पहिल्या रांगेत बसणार, दोन्ही पायांत चकचकीत बूट घालून. कुणी काही बोललं तर त्याला मी बघून घेईन. आता हे तुमच्या यंत्रात कुठे बसवायचं ते बसवा."

"असं उत्तर आम्ही 'माहीत नाही'मध्ये टाकतो," गिरीश म्हणाला. शास्त्रज्ञ मरेपर्यंत शास्त्रज्ञच राहतो.

"माहीत आहे की," डेल म्हणाले. "दोन्ही माहीत आहे."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मनातलं कडू तसंच तोंडावर सांगायचं, आणि तरी पहिल्या रांगेत येऊन बसायचं, हे आमच्यात फार थोड्यांना जमतं. आम्ही तोंडावर गोड बोलतो आणि लग्नाला जात नाही.

"तुमची काढली का?" डेल यांनी विचारलं.

"माझी काय?"

"प्रॉक्सी."

"नाही," गिरीश म्हणाला. "चाचणी संस्थेत काम करणाऱ्यांना चाचणीत घेत नाहीत. पहिल्यापासून तसा नियम आहे. त्यांची उत्तरं धरायची नसतात."

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्या देशाला विचारलंत, आणि तुम्हाला कुणी विचारलंच नाही?"

ही गोष्ट माझ्याही कधी ध्यानात आली नव्हती.

"मग मी विचारतो," डेल म्हणाले. त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि प्रश्न आठवून आठवून, नीट, एकेक शब्द उच्चारला. "तुमच्या जवळच्या नात्यातल्या कुणी वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या कुटुंबात लग्न केलं, तर तुम्हाला पसंत पडेल की नापसंत?"

गिरीशने ऋताकडे पाहिलं नाही. "नापसंत," तो म्हणाला.

कॅलेबचा चेहरा उतरला. डेल यांनी नुसती मान हलवली, मी हलवत असे तशी, उत्तर लिहून घेतल्यासारखी. थोडे थांबले. मग म्हणाले, "आणखी काही?"

आणि थांबले. त्यांना ते थांबणं माझ्याहून चांगलं जमलं.

गिरीशने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "आम्हाला एकच मुलगी आहे. ती इथे राहणार आणि मी तिथे. यंत्रासमोर बसलो तेव्हा मला वाटलं, मी खरं काय ते शोधतोय. पण उत्तर आलं, नापसंत, तेव्हा मला काय झालं माहीत आहे? मला बरं वाटलं. तुम्ही वाईट निघालात तर माझी मुलगी घरी येईल, असं वाटलं. तुम्ही वाईट निघावं अशी माझी इच्छा होती, डेल."

ऋताने ताटल्या जवळच्या फडताळावर ठेवल्या. तिचे डोळे भरून आले होते. माझे तर वाहतच होते, आणि मी ते पुसले नाहीत.

डेल यांनी हात लांब करून बटाट्यांचं भांडं ओढलं आणि गिरीशसमोर ठेवलं.

"या घरात दर रविवारी बाराला जेवण असतं," ते म्हणाले. "या. दर रविवारी या. इथे बसा आणि आमच्यावर लक्ष ठेवा. मला राग येणार नाही."

आता माझ्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कुठल्याही आमंत्रणाला तो 'बघू' म्हणतो. मुंजीचं असो, बारशाचं असो, शेजारच्या घरी चहाचं असो, 'बघू'. आमच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगायला नको. त्याने तोंड उघडलं, आणि तोच शब्द आता येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"येऊ," गिरीश म्हणाला. मराठीतच म्हणाला, त्याला इंग्रजी सुचलं नाही.

डेल यांना अर्थातच कळलं नाही. त्यांनी ऋताकडे पाहिलं. "काय म्हणाले ते?"

ऋताने बाबाकडे पाहिलं, मग कॅलेबकडे.

"बाबा हो म्हणाला," ती म्हणाली.